ज्ञानेश्वरी : जुनी पोथी आणि जुना पाठ

शके १२१२ त सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले, म्हणून एकनाथांनीं शके १५०६ त तिचें संशोधन केलें. कै. राजवाडे यांनीं इ. स. १९०९ त एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत छापली. तिनें पाठचर्चेस चालना दिली, हें निर्विवाद होय. परंतु ती मूळ पोथी आज तपासावयास उपलब्ध नाहीं. शब्दरूपें जुनीं दिसतात एवढ्यावरून पोथी जुनी ठरत नाहीं. कागद, अक्षरवळण व पुष्पिका यांची साक्ष हवी. उलट, अर्वाचीन नकलेंतही प्राचीन पाठ टिकलेला असूं शकतो. वारकरी जी ओवी नित्य म्हणतो, तिचा निर्णय केवळ छापील प्रतीवर सोडणें आम्हांस उचित वाटत नाहीं. संग्राहकांनीं पोथ्या रुमालांत बांधून न ठेवतां त्यांच्या पुष्पिका व पाठभेद प्रसिद्ध करावे.