मॅक्लिंटॉक यांचा मका आणि केलर यांचे पुस्तक

विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे त्याच्या संशोधनाचा विषय एका ओळीत दिलेला असतो. 'पेशीविभाजनाचे नियंत्रण', 'जनुकांचे कार्य', 'पेशीपटलातून होणारी वाहतूक' अशा त्या ओळी असतात. या माणसाला नेमका हाच विषय का घ्यावासा वाटला, असे एखादा विद्यार्थी विचारतो तेव्हा त्या ओळीतून काहीच हाती लागत नाही. पेशीशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र यांतील एका संशोधकाचा प्रश्न कसा घडत गेला, हे सविस्तर सांगणारी पुस्तके थोडी आहेत. एव्हलिन फॉक्स केलर यांनी लिहिलेले बार्बरा मॅक्लिंटॉक यांचे चरित्र, 'अ फीलिंग फॉर द ऑर्गॅनिझम', हे त्यांपैकी एक. शिक्षकाने ते जरूर वाचावे; पण त्यातली एक गोष्ट वर्गात जशीच्या तशी सांगू नये, असे माझे मत आहे.

पुस्तक १९८३ साली निघाले. केलर मूळच्या भौतिकशास्त्राच्या, पुढे जीवशास्त्राकडे आणि विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेल्या. मॅक्लिंटॉक यांच्या दीर्घ मुलाखती घेऊन त्यांनी हे चरित्र उभे केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्लिंटॉक यांना, वयाच्या ८१व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले आणि तेही कोणाबरोबर विभागून नव्हे. साहजिकच पुस्तक जगभर वाचले गेले.

पुस्तकाचे खरे बळ पूर्वार्धात आहे. मॅक्लिंटॉक यांनी आयुष्यभर एकाच वनस्पतीवर काम केले: मका. फळमाशीची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते, तर मक्याचे पीक वर्षातून एकदा, फार तर दोनदा. पण मक्याचा प्रत्येक दाणा हा स्वतंत्र संकराचा निकाल असतो आणि तो रंगाने लिहिलेला असतो. १९२९च्या सुमारास कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी मक्याच्या गुणसूत्रांच्या दहाही जोड्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून ओळखल्या. गुणसूत्रे ओळखता येऊ लागल्यावर पुढचा प्रश्न आपोआप आला. १९३१ साली हॅरिएट क्रायटन यांच्यासह त्यांनी दाखवून दिले, की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांच्या तुकड्यांची प्रत्यक्ष अदलाबदल झालेली असते. मग तुटलेल्या गुणसूत्रांचे काय होते हा प्रश्न. मिसूरी विद्यापीठात असताना त्यांना आढळले, की तुटकी टोके एकमेकांना चिकटतात, पेशीविभाजनात ताणली जाऊन पुन्हा तुटतात, पुन्हा चिकटतात. आणि शेवटी, काही रोपांत नवव्या क्रमांकाचे गुणसूत्र दर वेळी एकाच ठिकाणी का तुटते, हा प्रश्न. माहितीपुस्तिकेतल्या त्या एका ओळीमागे अशी पंधरा-वीस वर्षांची साखळी असते. केलर ही साखळी फार चांगली उलगडतात.

या साखळीतला कळीचा दुवा शिक्षकांसाठी थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. १९४४-४५च्या सुमारास मॅक्लिंटॉक कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील प्रयोगशाळेत होत्या. तुटक्या गुणसूत्रांच्या रोपांच्या पानांवर त्यांना वेगळ्या रंगाचे ठिपके आणि रेघा दिसत होत्या. रंग नाहीसा होणे किंवा परत येणे, हे त्या रोपात एका ठरावीक प्रमाणात घडत होते. पण काही पानांवर दोन पट्टे अगदी शेजारी-शेजारी होते: एकात ठिपक्यांचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त, तर लगतच्या पट्ट्यात कमी. शेजारचे दोन पट्टे म्हणजे एका पेशीच्या दोन कन्यापेशींचे वंशज. म्हणजे त्या एका विभाजनात एका पेशीने काहीतरी गमावले होते आणि तेच दुसरीला मिळाले होते. हे 'काहीतरी' काय, याचा शोध घेण्यात त्यांची पुढची काही वर्षे गेली. १९४८पर्यंत त्यांची खात्री झाली, की गुणसूत्राचा एक लहान घटक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतो.

कणसावर हे फार सुंदर दिसते. दाण्याच्या बाहेरील थरात जांभळा रंग तयार होण्यासाठी एक जनुक शाबूत असावे लागते. 'डीएस' नावाचा घटक त्या जनुकात घुसला, की रंग बंद. 'एसी' नावाचा दुसरा घटक पेशीत असेल, तर वाढत्या दाण्यातील काही पेशींत डीएस तेथून निघून जातो. त्या पेशी आणि त्यांच्या सर्व कन्यापेशी पुन्हा जांभळ्या होतात, आणि फिक्या दाण्यावर ठिपका उमटतो. डीएस लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर बारीक. एसीच्या प्रती जितक्या अधिक, तितका हा निघण्याचा क्षण लांबतो आणि ठिपके बारीक होत जातात. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या ठिपक्याच्या आकारावरून, न दिसणारी घटना दाण्याच्या वाढीत केव्हा घडली, ते वाचता येते. फळ्यावर खडूने चार दाणे काढून हे शिकवता येईल, आणि डीएनएच्या शिडीपेक्षा ते मुलांच्या अधिक लक्षात राहील.

ग्रंथाच्या नावातील 'सजीवाविषयीची जाण' ती हीच. दुर्दैवाने अनेक वाचकांनी तिचा अर्थ गूढ अंतःप्रेरणा असा घेतला. काहींनी तर 'स्त्रियांचे विज्ञान वेगळेच असते' असे प्रमेय त्यावर उभारले. केलर यांनी पुढे आपण असे म्हटले नसल्याचे स्पष्ट केले. तरीही दोष थोडा त्यांच्याकडेही जातो. वनस्पतीशी एकरूप होण्याच्या वर्णनांवर त्या रेंगाळतात आणि मोजणी, संकरांची काटेकोर आखणी, प्रत्येक रोपाची नोंद याबद्दलचे तपशील त्या मानाने घाईने उरकतात. जुळे पट्टे ओळखणाऱ्या नजरेमागे वीस वर्षांच्या नोंदी होत्या.

पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. १९५१च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या परिसंवादात मॅक्लिंटॉक यांनी आपले निष्कर्ष मांडले. केलर यांच्या कथनात तेथे शांतता पसरते, कोणाला काही कळत नाही, आणि मग उपेक्षेची दीर्घ वर्षे सुरू होतात. जनुके जागा बदलतात हे जगाला पटले नाही, आणि नोबेलने अखेर न्याय केला, असा वाचकाचा समज होतो. आपल्याकडे भाषणांत, लेखांत हीच कथा फिरते.

इतिहासकार नॅथॅनिएल कम्फर्ट यांनी २००१ साली 'द टँगल्ड फील्ड' या पुस्तकात मॅक्लिंटॉक यांच्या टिपणवह्या आणि पत्रे तपासून या कथेचे दोन भाग वेगळे केले. मॅक्लिंटॉक यांचे म्हणणे दुहेरी होते. पहिले, की घटक जागा बदलतात. दुसरे, की या हालचालींच्या साहाय्याने सजीव आपल्या जनुकांचे नियंत्रण करतो, आणि वाढीच्या काळात पेशी एकमेकींपासून वेगळ्या होतात त्या यामुळेच. म्हणून त्या या घटकांना 'नियंत्रक घटक' म्हणत. पहिले म्हणणे मक्यावर काम करणाऱ्यांना लवकरच पटले. १९५२-५३च्या सुमारास ब्रिंक आणि पीटरसन यांना आपापल्या मक्यात असेच घटक सापडले. शंका होती ती दुसऱ्या म्हणण्याविषयी. जे मक्याच्या काही वाणांत घडते, ते सर्व सजीवांच्या वाढीचे सूत्र आहे असे मानायला त्या वेळी पुरावा नव्हता. १९६१ साली जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंतील जनुकनियंत्रणाची रीत मांडली, तेव्हा मॅक्लिंटॉक यांनी आपला मका आणि ते जीवाणू यांतील साम्य लगेच लिहून दाखवले. पण त्या रीतीत जनुकांना जागा सोडावी लागत नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस जीवाणूंतही स्थलांतर करणारे घटक सापडू लागले आणि मग सर्वांचे लक्ष पुन्हा मक्याकडे गेले. नोबेलच्या मानपत्रात उल्लेख आहे तो फिरत्या घटकांच्या शोधाचा.

उपेक्षेच्या कथेत बसत नाहीत अशा आणखीही गोष्टी आहेत. त्या १९४४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडल्या गेल्या, १९४५ साली जेनेटिक्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९७० साली त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. पहिले दोन मान या शोधाआधीचे आहेत हे खरे. पण १९५१च्या सभेत बोलणारी व्यक्ती अपरिचित नव्हती, एवढे तरी त्यातून दिसते.

यावर कोणी म्हणेल, की मग स्त्री म्हणून त्यांच्यावर अन्याय झालाच नाही का? झाला, आणि तो केलर यांनी नीट नोंदवला आहे. त्या काळी कॉर्नेलमध्ये गृहविज्ञानाखेरीज इतर विभागांत स्त्रीला प्राध्यापकपद मिळणे जवळजवळ अशक्य होते. गुणसूत्रांवरचे इतके मोलाचे काम झाल्यावरही मॅक्लिंटॉक वर्षानुवर्षे तात्पुरत्या शिष्यवृत्त्यांवर राहिल्या. मिसूरीत पद मिळाले तेही खात्रीचे वाटत नव्हते. हा नोकरीतला अन्याय आहे. एखाद्या सिद्धांताला पुरावा मागणे ही वेगळी गोष्ट. दोन्ही एकाच धाग्यात ओवले, की मुलींना सांगण्यासारखी खरी तक्रार अंधूक होते, आणि मुलांना वाटू लागते की शंका घेणारे सगळे आंधळेच असतात. ज्या शिक्षकाला वर्गात 'पुरावा काय?' हा प्रश्न रुजवायचा आहे, त्याला ही कथा परवडणारी नाही.

दुसऱ्या म्हणण्याचे पुढे काय झाले? ते मूळ रूपात टिकले नाही. पेशी वेगळ्या होतात त्या बहुतांशी जनुके जागीच ठेवून. पण ते अगदीच वायाही गेले नाही. मानवी जनुकसंचाचा सुमारे ४५ टक्के भाग अशा फिरत्या घटकांपासून आलेला आहे, असे २००१ साली दिसून आले. मक्यात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांतले काही तुकडे आज शेजारच्या जनुकांच्या नियंत्रणात भाग घेतात.

आणि एक उदाहरण तर केलर यांच्या पुस्तकानंतर सात वर्षांनी, १९९० साली, उजेडात आले. गोल आणि सुरकुतलेले वाटाणे आपण दरवर्षी फळ्यावर काढतो. मेंडेलने मोजले होते ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराचे जनुक सुरकुतलेल्या वाटाण्यात बिघडलेले असते. त्यामुळे स्टार्च कमी बनतो, साखर साठते, दाणा वाढताना जास्त पाणी घेतो आणि वाळल्यावर आक्रसतो. ते जनुक बिघडते कशाने, तर त्यात सुमारे आठशे अक्षरांचा एक तुकडा घुसून बसलेला असतो, आणि तो मॅक्लिंटॉक यांच्या एसी-डीएसच्याच कुळातला आहे.