वेदना, मेंदू आणि आपली समीक्षा

नालासोपाऱ्यात राहणाऱ्या चळवळीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने काही वर्षांपूर्वी आपली कविता मला वाचायला दिली होती. तिच्यात मोर्चा नव्हता, गावकूस नव्हते, शिवी नव्हती. सकाळी अंथरुणातून उठण्याचे बळ नसलेला एक माणूस तेवढा होता. 'व्यक्तिवादी, सामाजिक आशय नाही' असा शेरा मारून मी ती परत केली. तो शेरा चुकीचा होता. त्या चुकीची झाडाझडती घेण्यासाठीच हे लिहीत आहे.

पुढे कळले की तो नैराश्याने आजारी होता. दोन औषधे बदलूनही उतार पडेना, तेव्हा डॉक्टरांनी चुंबकीय उपचार सुचवला. मी सोबत गेलो. "सर, डोक्याला शॉक देतात का हो?" गाडीत त्याने हळूच विचारले.

हा शॉक नव्हे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831 साली दाखवले. त्याच तत्त्वावर शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली कवटी न उघडता मेंदू उद्दीपित करून दाखवला. नैराश्यात बहुधा कपाळाच्या डाव्या बाजूला तारेचे वेटोळे टेकवून चुंबकीय ठोके देतात. भूल लागत नाही, माणूस जागा असतो. डोके दुखते, फीट येण्याचा धोका असतो, पण क्वचित. अमेरिकेत 2008 साली या उपचाराला मान्यता मिळाली. काहींना चांगला गुण येतो, काहींना येत नाही. यात चमत्कार नाही, तशी बुवाबाजीही नाही.

पण हा उपचार आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे घ्यावा लागतो. दवाखाना अंधेरीत होता. हा मित्र ठेकेदाराकडे कामाला. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. त्यावर उपचाराचे पैसे आणि विरार लोकलची गर्दी. नवव्या दिवसानंतर तो गेला नाही. यंत्र निकामी ठरले असे म्हणता येत नाही. त्याची पुरती परीक्षाच झाली नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्याने दिला. हा हक्क मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोचत नसेल, तर तो कागदावरच राहतो.

दवाखान्यात त्याला झोप विचारली, भूक विचारली, घराण्यात कुणाला असा आजार होता का तेही विचारले. कामावर त्याचे आडनाव कळल्यावर त्याचा डबा वेगळा का पडला, हे कुणी विचारले नाही. दुःख केवळ मेंदूच्या एका कोपऱ्यात शोधणारी दृष्टी अपुरी आहे, हे आपण ठासून सांगितलेच पाहिजे.

मात्र आपली दृष्टी तरी पुरी होती काय? वेदना, विद्रोह, नकार हे शब्द आपण समीक्षेत इतके वापरले की वेदना ही समूहाचीच असते, असे आपल्याला वाटू लागले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (1978) दगडू आणि दया समोरासमोर येतात. एकाच माणसाचे ते दोन तुकडे. त्यात आपण सामाजिक संघर्ष वाचला, आणि तो आहेच. पण असे फाटून जगणाऱ्याच्या मनाचे आणि शरीराचे काय होते, हे आपण फारसे विचारले नाही. खचलेल्या कार्यकर्त्याला आपण 'लढाऊ बाणा सोडलेला' ठरवले. जातीने दिलेली जखम सामाजिक असली, तरी ती एकेका माणसाच्या देहात भळभळते. पाय मोडलेल्याला आपण क्रांती होईपर्यंत थांब म्हणत नाही. मग मन मोडलेल्याला का म्हणावे?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मन हे सर्व गोष्टींचे केंद्र असल्याची बुद्धाची शिकवण अग्रभागी मांडली. आमच्या सोपाऱ्यात 1882 साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या लेखात माणसे आणि जनावरे या दोघांच्याही उपचाराची सोय केल्याचे अशोक सांगतो. उपचार ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याला परका नाही. म्हणून या यंत्राकडे पाठ फिरवणे हा विद्रोह नव्हे. ते सरकारी रुग्णालयात, आपल्या जिल्ह्यात, मजुरी न बुडता मिळाले पाहिजे ही मागणी करणे आणि जातीविरुद्धचा लढाही न सोडणे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील.

तो मित्र आता पुन्हा औषधे घेतो, दर पंधरवड्याला समुपदेशकाकडे जातो. मी त्याची कविता परत मागितली. "सर, ती मी फाडून टाकली," तो म्हणाला. तो कागद आता मिळायचा नाही. पण यापुढे अशी कविता हाती आली, तर शेरा मारण्याआधी मी कवीला विचारीन, "बाबा रे, झोप लागते का?"