मुलांच्या डोळ्यांना मोठ्यांची पट्टी

किडनीच्या आजारामुळे बीपी वाढलेल्या मुलांच्या डोळ्यांवरचे पेपर वाचताय? मग निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. पडदा तपासून दर्जा द्यायला बऱ्याचदा कीथ-वॅगनर-बार्कर ही चार पायऱ्यांची वर्गवारी वापरलेली दिसेल. ती १९३९ सालची, मेयो क्लिनिकच्या रुग्णांवरून केलेली. तिला शोधायचं होतं, रुग्ण किती जगेल. नजर किती राहील, हा प्रश्न तिचा नव्हताच. शिवाय पहिल्या दोन पायऱ्यांवर दोन डॉक्टरांचं एकमत होणंही अवघड. तरी सहा वर्षांच्या पोरालाही तीच पट्टी!

२००९ चा ‘एस्केप’ अभ्यास मला आवडतो. ३८५ मुलं, पाच वर्षं. बीपी कडक आटोक्यात ठेवलं तर किडनी जास्त टिकते, हे त्याने दाखवलं. पण त्याचा मुख्य निकष किडनीचा होता. डोळ्यांसाठी पुरावा म्हणून तो देऊ नका.

आमच्या देवणीसारख्या तालुक्यात असा अभ्यास करायचा झाला, तर मुलाच्या दंडाच्या मापाचा कफ घ्या. मोठ्यांचा कफ बारीक दंडावर बीपी कमी दाखवतो. शाळेतला अक्षरांचा तक्ता नीट वाचणाऱ्या मुलाच्या पडद्यावरही बदल असू शकतात. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याचे फोटो काढा, आणि ते तपासणाऱ्याला मुलाचं बीपी सांगू नका.