चार डोळे, जे मोजले नाहीत

व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ सालचा. पुढील वर्षी बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वलाबरोबर आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही पारितोषिक लाभले. जेलर आदिनाथाच्या आत्मत्यागामुळे आपल्याला तो जवळचा वाटतो, हे स्वाभाविकच. अलीकडे तो पुन्हा पाहताना मात्र माझे लक्ष एका कैद्याच्या म्हाताऱ्या आईवर आणि तिच्या दोन नातवंडांवर खिळून राहिले.

त्याला निमित्त होते. धाराशिवजवळच्या एका खेड्यातील आजी नातवंडांना घेऊन मुलाच्या मुलाखतीला निघाल्या, तेव्हा सोबतीला मी होतो. जन्मठेपेचा कैदी जिल्हा कारागृहातून दूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो आणि घरच्यांना पहाटेची एस.टी. धरावी लागते. बाबा पुण्याला कंपनीत आहेत, असे मुलांना सांगितले होते. काचेपलीकडे बापाला पाहून धाकटीने विचारले, “हीच का कंपनी?” आजींनी तोंडाला पदर लावला.

पडद्यावर हा प्रश्न कोणी विचारीत नाही. गदिमांच्या पटकथेत मुले येतात ती कठोर काळजांना पाझर फुटावा म्हणून. ती तेथे औषध आहेत. त्यांचे स्वतःचे दुखणे नाही. लताबाईंच्या अंगाईने डोळे भरतात खरे, पण ते प्रेक्षकाचे. शीर्षकात जेलरचे दोन डोळे मोजले, कैद्यांचे बारा हात मोजले. या पोरांचे चार डोळे हिशेबात नाहीत.

हे उणेपण अधिक जाणवते ते चित्रपटाच्या मुळाशी असलेल्या सत्यामुळे. औंध संस्थानात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली. तेथे कैद्याला बायकामुलांसह राहता येई. बाप शेतात राबताना मुलाला रोज दिसे. मध्ये गजही नव्हते आणि लपवाछपवीही नव्हती. शांतारामांनी या संसारापेक्षा जेलरची मूर्ती मोठी केली. (ती भूमिका त्यांचीच होती, हेही लक्षात घ्यावे.) २०१६ च्या सुमारास राज्यातील काही कारागृहांत ‘गळाभेट’ सुरू झाली आणि सोळा वर्षांखालील मुलांना काचेविना बापाला बिलगता आले. त्या दृश्याची बीजे स्वतंत्रपुरात होती, चित्रपटात नव्हती.

बर्लिनच्या त्याच वर्षी, २६ डिसेंबरला, पोप जॉन तेविसावे रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले आणि आपल्या नात्यातील एकालाही चोरट्या शिकारीबद्दल तुरुंगवास झाला होता, हे त्यांनी कैद्यांना मोकळेपणी सांगितले. आमच्या घरांत ते अजून कंपनीच्या नावाखाली झाकले जाते. तुरुंगवाशांना भेटणे हे दयेचे कृत्य मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात घडाघडा म्हणतात. २ नोव्हेंबरला आपण त्यांना दफनभूमीतही नेतो.

हा चित्रपट धर्मग्रामात अवश्य दाखवावा. मात्र नंतरच्या चर्चेत जेलरविषयी बोलण्याआधी त्या दोन मुलांविषयी विचारावे, आणि उत्तर मुलांनाच देऊ द्यावे. परतीच्या एस.टी.त धाकटी झोपली होती. थोरला मात्र जागा होता, आणि आजींना तो पुढच्या मुलाखतीची तारीख विचारीत होता.