उघड्या आभाळाचा वास्तुकार

दादरला 'पोर्तुगीज चर्च' या थांब्यावर उतरणारा नवखा मनुष्य प्रथम गोंधळतो. पोर्तुगीज म्हटले की पांढरीशुभ्र दर्शनी भिंत, दोन मनोरे आणि मध्यभागी क्रूस हे चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्या डोळ्यांना तेच वळण लागले आहे. येथे मात्र समोर येते ते काँक्रीटचे वक्र, वर उचलले गेलेले छत आणि बऱ्याचशा मोकळ्या जागा. आमच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी हे मंदिर पहिल्यांदा पाहिले तेव्हा विचारले होते, "येथे मिस्सा होते की नाटक?" त्यांच्या प्रश्नावर आम्ही त्या वेळी हसलो होतो, पण खरे सांगायचे तर आमच्याही मनात तोच प्रश्न होता.

तारणाच्या मातेला वाहिलेल्या या धर्मग्रामाची स्थापना फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ साली केली. जुनी इमारत जाऊन १९७४ ते १९७७ या काळात आजची वास्तू उभी राहिली. तिचे शिल्पकार चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५). मूळ गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातील, जन्म सिकंदराबादचा, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुढे अमेरिकेत. परदेशातून ते आधुनिक वास्तुकलेचे धडे घेऊन आले, परंतु काचेच्या बंद पेट्या मात्र आणल्या नाहीत. आपल्या हवामानात सकाळ-संध्याकाळ माणसाला सुखाची जागा छपराखाली नसून आभाळाखाली असते, ही साधी गोष्ट त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली. अंगण, ओसरी, गच्ची ही त्यांच्या कलेची मुळाक्षरे होत.

दादरच्या चर्चमध्ये ही मुळाक्षरे उपासनेच्या कामी लावलेली आहेत. एकच लांबट दालन आणि टोकाला वेदी ही परिचित मांडणी येथे नाही. काही छताखालच्या, काही उघड्या अशा जागा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रभूचा स्नानसंस्कार, त्याचे लोकांमधील कार्य आणि त्याचे बलिदान हे जीवनाचे टप्पे डोळ्यांपुढे ठेवून ही रचना केलेली आहे. उंच कवचांचे काम धुराड्यासारखे : तापलेली हवा वर चढते आणि माथ्यावरून निघून जाते, खालच्या अंगणांतून थंड हवा आत येते. वर पाहिले तर हुसेन यांनी चितारलेला ख्रिस्ताचा चेहरा. एका मुसलमान चित्रकाराच्या हातचा प्रभू मुंबईच्या भाविकांवर दृष्टी ठेवून आहे, ही गोष्ट आम्हांला या शहराविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली. मिस्सा हा दुरून पाहण्याचा विधी नसून सर्वांनी मिळून करण्याची उपासना आहे, हे आपण तेव्हापासून ऐकत आलो. मात्र ऐकलेले इमारतीत उतरवण्याचे धैर्य फार थोड्या ठिकाणी दिसले. दादरने ते दाखवले. आज आपल्या गावोगावी आणि उपनगरांत जुनी मंदिरे पाडून नवी बांधली जात आहेत. गुळगुळीत फरशा, छताखाली दुसरे खोटे छत, खिडक्या बंद करून वातानुकूलन, आणि बाहेरून उसने गॉथिक कमानींचे सोंग! देणग्या धर्मग्रामस्थांच्या घामाच्या असतात. वास्तुकाराला 'किती माणसे बसतील?' हे आपण विचारतो. 'वारा कोठून येईल?' हे कोणी विचारतो काय?

कोरियांना डोक्यावर घेऊन नाचावे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उघडे काँक्रीट मुंबईच्या पावसात काळवंडते, त्याला निगा लागते आणि ते सामान्य डोळ्याला कठोर वाटते. सुतारकाम केलेल्या जुन्या वेदीपुढे गुडघे टेकताना जी ऊब जाणवते ती येथे शोधावी लागते. आमच्या नातलगांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता.

कंबाला हिलवरील 'कांचनजुंगा' या १९८३ साली पुऱ्या झालेल्या इमारतीविषयीही आमचे मन असेच दुभंगते. उंची ८४ मीटर, आत ३२ सदनिका. मुंबईत समुद्राचा वारा हवा असेल तर घराचे तोंड पूर्व-पश्चिम ठेवावे लागते. पण ऊन आणि पावसाचा मारा याच दिशांनी येतो. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता, घराभोवती व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या बागा कोरल्या. शिरीष पटेल यांच्या अभियांत्रिकीने ते तोलून धरले. कल्पना पाहून मन प्रसन्न होते. पण ही ओसरी कोणाच्या वाट्याला आली? मूठभर श्रीमंतांच्या.

हा आक्षेप कोरियांना स्वतःला ठाऊक नव्हता असे नाही. प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची योजना १९६५ साली मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर नव्या मुंबईचे मुख्य वास्तुकार म्हणूनही त्यांनी काही वर्षे काम केले. पुढे १९८३ ते १९८६ मध्ये बेलापूरला त्यांनी जी वसाहत उभारली ती आमच्या मते त्यांची सर्वांत ख्रिस्ती कृती होय, जरी तेथे क्रूस कोठेच नाही. सात घरे एका लहान अंगणाभोवती, अशा तीन गटांचे मिळून एक मोठे अंगण, आणि पुढे पुढे वाढत जाणारी ही वीण. प्रत्येकाची भिंत स्वतंत्र, म्हणजे हाती पैसा येईल तसे घर वाढवता यावे. आणि मुख्य म्हणजे गरिबाचा भूखंड ४५ चौरस मीटरांचा तर सुखवस्तूचा ७५ च्या आसपास. एवढाच फरक!

आज तेथे गेल्यास उतरती कौलारू छपरे थोडीच दिसतील. अनेकांनी मूळ घरे पाडून मोठी सिमेंटची घरे बांधली आहेत. काही समीक्षक हळहळतात. आम्हांला तितके वाईट वाटले नाही. घर वाढावे हाच तर हेतू होता. आम्ही पाहिली ती अंगणे. त्यांपैकी एका अंगणात मुले क्रिकेट खेळत होती आणि पायरीवर बसून दोन बाया तांदूळ निवडत होत्या.

दादरला खरेदीस जाणाऱ्या वाचकांनी एखाद्या दिवशी मिस्सेच्या अर्धा तास आधी चर्चमध्ये शिरावे आणि थेट बाकाकडे न जाता थोडा वेळ उघड्या जागेत थांबावे. रस्त्यावरच्या मोटारींचे भोंगे तेथेही ऐकू येतात. वारा मात्र असतो.