भोंगा आणि सांजवात

दिवेलागणीच्या सुमारास रामाकोन्यातील एखाद्या देवळाच्या पायरीवर क्षणभर बसावे, म्हणजे आजच्या काळाचे एक चित्र आपोआप डोळ्यांपुढे उभे राहते. गाभाऱ्यात समई तेवत असते. पाच-सात वयोवृद्ध मंडळी आरतीस जमलेली असतात. बाहेर पारावर चार तरुण मुले खांद्यास खांदा लावून बसलेली असतात. चौघांच्याही माना खाली आणि चौघांच्याही तोंडांवर आपापल्या मोबाइलचा निळसर उजेड. आरतीची घंटा त्यांच्या कानी पडत नाही असे नाही. ती दुसऱ्या कोणासाठी तरी वाजत आहे, एवढाच त्यांचा समज असतो. ही मुले वाह्यात नव्हेत. सकाळी शाळा, दुपारी शेत किंवा दुकान, असा त्यांचा दिवस सरळ मार्गाने गेलेला असतो. परंतु जवळजवळ बसूनही ती एकमेकांपाशी नसतात, आणि हेच पाहून आमच्या मनास चुटपुट लागते.

हे चित्र आज कोठल्याही गावी दिसेल, मग रामाकोन्याचेच नाव का घ्यावे, असे वाचक विचारतील. त्यास कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील सौंसर-पांढुर्ण्याचा संत्र्याकापसाचा मराठी मुलूख सीमेच्या पलीकडे पडला. २०२३ साली पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला व सौंसर तहसील त्यात आली. पण शाळेची, कचेरीची आणि बाजारातील पाट्यांची भाषा प्रामुख्याने हिंदीच राहिली. अशा गावी मराठी टिकली ती कोणाच्या आधारावर? घरच्या ओसरीवरील संध्याकाळच्या गप्पांच्या, आजीच्या कहाणीच्या, देवळातील भजनाच्या आधारावर. पुण्यातील मुलाची संध्याकाळ मोबाइलने गिळली तर त्याची झोप आणि दृष्टी बिघडेल. रामाकोन्यातील मुलाची ती गेली तर त्याबरोबर मायबोलीही जाईल. कारण पडद्यावर जे वाहत येते ते बहुधा हिंदीतून येते आणि दिवसभर हिंदीत राहिलेल्या मुलास मराठी ऐकण्याचा तेवढाच एक प्रहर उरलेला असतो. आमच्या कोंकणी वाचकांसही ही व्यथा परकी वाटू नये. मंगळूर-कारवारकडील ज्या घरांत भाषा शाळेने सांभाळली नाही, त्या घरांत ती दिवेलागणीनेच सांभाळली आहे.

या रोगावर दोन मराठी गावांनी २०२२ साली दोन निरनिराळे उपाय योजले. दोहोंची वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाहवा झाली. परंतु त्यांचे गुणदोष तोलून पाहण्याचे काम फारसे कोणी केलेले आमच्या पाहण्यात नाही. ते येथे करावे, असा आमचा हेतू आहे.

पहिले गाव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्याचे मोहित्यांचे वडगाव. करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या, शिक्षणासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आले आणि शाळा पुन्हा उघडल्यावरही ते हातांतून सुटेनात. मुलांचे अभ्यासात लक्ष लागत नाही, अशी शिक्षकांची तक्रार आली. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे एक कल्पना मांडली. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावातील स्त्रियांची सभा भरली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून ती कल्पना अमलात आली. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावयाचा. त्याबरोबर घरोघरचे मोबाइल व दूरदर्शन संच बंद व्हावयाचे. साडेआठास दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास आणि इतरांनी वाचन किंवा बोलणेचालणे करावयाचे. प्रारंभी काही पुरुषांनी हसण्यावारी नेले; पण अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व निवृत्त शिक्षक घरोघर फिरू लागले आणि हळूहळू गाव या रीतीस रुळले.

दुसरे गाव यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे बान्सी. तेथील ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की, अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाइल वापरू नये आणि वापरल्यास २०० रुपये दंड द्यावा.

हेतूची शुद्धता दोन्हीकडे सारखीच आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु उपायाची जात भिन्न आहे. बान्सीच्या ठरावात अपराधी ठरते ते मूल. ज्या बापाच्या हातातील मोबाइल जेवणाच्या पाटावरही खाली ठेवला जात नाही, त्याच बापाने मुलास दंडाचे भय घालावे, यात न्याय कोठे राहिला? मूल उपदेश ऐकून शिकत नाही; ते वडीलधाऱ्यांचे वागणे पाहून शिकते. शिवाय सरसकट बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. खेड्यातील मुलगा बंदी मोडून नाक्यावर मित्राचा मोबाइल पाहील. मुलीस मात्र तो मार्गही नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, दूरच्या शिक्षकाचा पाठ हे सर्व तिला ज्या खिडकीतून मिळते, ती खिडकीच बंद होते. मोबाइल आल्यामुळे काही बिघडले हे जितके खरे, तितकेच खेड्यातील मुलीला काही प्रथमच मिळाले हेही खरे आहे. टीकाकाराने दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत.

वडगावच्या भोंग्याचा मोठेपणा याच ठिकाणी दिसून येतो. तो मुलांसाठी वाजत नाही, गावासाठी वाजतो. सासूची मालिका, बापाचे समाजमाध्यम आणि मुलाचा खेळ, तिन्ही एकाच क्षणी थांबतात. बंदी कायमची नाही, दीड तासाची आहे. म्हणून ती पाळता येण्याजोगी आहे. एकट्या मुलाने मोबाइल ठेवला तर त्यास आपण मित्रमंडळीतून वगळलो गेलो असे वाटते; सर्वांनी एकदम ठेवला तर वगळले जाण्याचे भयच उरत नाही. व्यसनाची अर्धी ताकद संगतीत असते आणि त्याचा उपायही संगतीतच शोधावा लागतो, हे वर्म वडगावाने ओळखले.

दोष कोणाच्या माथी मारावा, या प्रश्नाकडे आता जगाचेही लक्ष गेले आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांची खाती समाजमाध्यमांवर ठेवण्यास मनाई केली. पण त्या कायद्यात दंड आहे तो कंपन्यांस, मुलांस किंवा आईबापांस नाही. माणसाचे लक्ष जितका वेळ खिळून राहील तितका नफा, हा ज्यांचा व्यापार आहे, त्यांस मोकळे सोडून बारा वर्षांच्या पोरास जाब विचारणे शहाणपणाचे नव्हे. बान्सीच्या ठरावापेक्षा हा विचार आम्हांस अधिक न्याय्य वाटतो.

येथे आरोग्याविषयीही स्पष्ट बोलणे अवश्य आहे; कारण भयाचा डांगोरा पिटल्याने तरुण मुले आपले ऐकेनाशी होतात. रात्री उशाशी मोबाइल असला की झोप उशिरा लागते व अपुरी होते, याविषयी अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. लहान वयात घरात कोंडून राहिल्याने दूरचे दिसण्यात दोष येतो, हेही मान्य झाले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांस दररोज १२० मिनिटे उघड्यावर नेण्याची मोहीम घेतली, आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले लघुदृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरणीस लागले. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर आसक्तीस रोगांच्या सूचीत स्थान दिले असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे. तथापि प्रत्येक खेळवेडा मुलगा रोगी, असा तिचा अर्थ नाही. दैनंदिन जीवन विस्कटून जाईल इतकी आणि बहुधा बारा महिने टिकणारी आसक्ती असेल, तरच ते निदान होते. मनाच्या उदासीनतेस मोबाइल किती कारण व इतर गोष्टी किती, यावर पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. म्हणून सिद्ध तेवढेच सांगावे. आमच्या मते तेही काही थोडे नाही. ग्रामीण भारतातील शिक्षणाच्या २०२४ सालच्या ‘असर’ पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरता येत होता. अशा मुलांपैकी आदल्या आठवड्यात तो शिक्षणासाठी वापरणारी ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. ज्या निमित्ताने ही वस्तू घरात आली, ते निमित्त मागे पडले आहे.

वडगावच्या भोंग्याची एवढी स्तुती केल्यावर त्याचा उणेपणाही सांगितलाच पाहिजे. भोंगा वेळ मोकळा करतो. तो भरीत नाही. ‘ठेवा तो मोबाइल’ असे सांगणे सोपे आहे. ‘ठेवून आता काय करू?’ या तरुणाच्या प्रश्नास आपल्यापाशी उत्तर असावे लागते. ‘अभ्यास कर’ एवढेच उत्तर असेल, तर दुसरा भोंगा कधी वाजतो याची वाट पाहण्यातच तो दीड तास जाईल. आणि मंदिर-समाजाचे म्हणून आम्हांस आणखी एक गोष्ट बोचते. भोंगा बसविण्यास देऊळ निवडले ते उंच आणि मध्यवर्ती म्हणून. देवळाचा उपयोग केवळ खांबासारखा व्हावा, ही देवळाची मर्यादा की आमची?

वस्तुतः हा प्रहर देवळाचाच होता. परवचा, शुभंकरोती आणि आरती यांनी तो बांधलेला होता. वऱ्हाड-नागपूरकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) तो नव्याने बांधला. १९३५ साली मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करून त्यांनी गावोगाव सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेचा परिपाठ घातला. १९५५ साली आलेल्या त्यांच्या ‘ग्रामगीते’तही गाव एकत्र बसण्यावर भर आहे. जातपात न पाहता लहानथोरांनी एका ओळीत बसावे, प्रार्थना व्हावी, खंजिरीवर भजन व्हावे आणि मग गावाच्या प्रश्नांवर बोलणे निघावे, ही ती योजना. तिला भोंग्याची गरज नव्हती, कारण तेथे काही सोडण्यास बोलाविले जात नव्हते. काही मिळविण्यास बोलाविले जात होते. तरुणाच्या हाती खंजिरी दिली की त्या हातात दुसरे काही मावत नाही.

मग आज आमच्या देवळांत काय चालले आहे? आरती सुरू झाली की टाळ्या वाजविणाऱ्या हातांपेक्षा चित्र टिपणारे हात अधिक वर होतात, आणि ते हात केवळ मुलांचे नसतात. विश्वस्त मंडळींच्या सूचनाही आता मोबाइलवरच फिरतात. त्यामुळे सभेस जमण्याचे कारण उरले नाही. तरुण देवळात येत नाहीत अशी हळहळ आपण व्यक्त करतो. पण आलेल्या तरुणास आपण कोणते काम देतो? पखवाज शिकविण्यास कोणी बसतो काय? देवळाच्या पटांगणात आट्यापाट्यांचा डाव मांडण्यास आपण परवानगी देतो, की गोंगाट होतो म्हणून मुलांस हाकलून लावतो? पटांगणातून हाकललेले मूल कोठे जाऊन बसते, ते आपण वर पाहिलेच आहे.

म्हणून रामाकोन्यासारख्या गावास आमचे सांगणे एवढेच की, वडगावचा भोंगा अवश्य घ्यावा, बान्सीचा दंड घेऊ नये आणि भोंग्यानंतरचा दीड तास आपल्या वस्तूंनी भरावा. ऊन उतरल्यावर मुलांस मैदानी खेळ द्यावा. दिवा लागल्यावर आजी-आजोबांनी आपल्या घरच्या बोलीत एक गोष्ट सांगावी. आठवड्यातून एकदा भजनात वाद्ये मुलांच्या हाती द्यावीत आणि ती बेसूर वाजली तरी ऐकून घ्यावीत. आणि सर्वांत आधी, वडीलधाऱ्यांनी आपला मोबाइल देवघराबाहेर ठेवावा.

पारावर बसलेली ती चार मुले आपलीच आहेत. पायरीवरून त्यांच्यापर्यंत दहा पावलांचे अंतर आहे आणि ती पावले त्यांनी आपल्याकडे टाकावीत, अशी वाट पाहत आपण बसलो आहो. आम्हांस वाटते, उठण्याची पाळी आपली आहे.