पंचवीस वाटा आणि वाटेकडेची माणसे

व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतलेल्या तरुणाचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पगाराच्या आकड्यापाशीच संपतो. नामांकित संस्थांत नोकरीची पत्रे वाटली जातात, वर्तमानपत्रे सर्वांत मोठा आकडा ठळक अक्षरांत छापतात. पुढची वीस-तीस वर्षे तो तरुण कसा जगला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. रश्मी बन्सल यांच्या ‘स्टे हंग्री स्टे फूलिश’ (२००८) या पुस्तकाने ती चौकशी केली, हे त्याचे पहिले श्रेय. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या आणि नोकरीचा राजमार्ग सोडून स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या पंचवीस जणांच्या या कहाण्या. पुस्तक निघाले तेव्हा आम्ही ते कौतुकाने वाचले होते. आता इतक्या वर्षांनी पुन्हा हाती घेतले, तेव्हा कौतुक ओसरले नाही. मात्र त्याच्या शेजारी काही प्रश्न येऊन बसले.

गुणांविषयी आधी बोलू. लेखिका त्याच संस्थेची विद्यार्थिनी असल्याने माणसे तिच्याशी मोकळेपणाने बोलतात. तिची इंग्रजी हिंदीत मुरलेली, बोलण्याच्या लयीत चालणारी आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ती खटकेल. पण उद्योजकतेवरील ग्रंथांना घाबरणारा महाविद्यालयीन वाचक या भाषेमुळेच शेवटच्या पानापर्यंत पोहोचतो. संजीव बिखचंदानी यांची कहाणी पाहा. १९९० मध्ये त्यांनी चांगली नोकरी सोडली. कचेरीतले सहकारी नियतकालिक हाती आले की मागच्या पानांवरील नोकरीच्या जाहिराती आधी वाचतात, हे त्यांनी हेरले होते. त्या साध्या निरीक्षणातून १९९७ मध्ये ‘नोकरी डॉट कॉम’ उभे राहिले. मधली वर्षे ओढगस्तीची होती, आणि त्या वर्षांत घर चालले ते पत्नीच्या नियमित पगारावर. पत्नीही त्याच संस्थेची पदवीधर.

पुस्तकाची मर्यादा आम्हांला इथेच प्रथम जाणवली. ज्या धाडसाचा इतका गौरव होतो, त्याच्या पाठीशी दुसऱ्या कोणाची तरी स्थिर नोकरी उभी होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला घरी पगार आणणारी ती व्यक्ती या कथेत तळटीपेपुरती उरते. खरे पाहता एकाच वर्गातून निघालेल्या या दोन वाटा आहेत, आणि दुसरीवाचून पहिली चाललीच नसती. बेळगावच्या नरेंद्र मुरकुंबी यांच्या ‘श्री रेणुका शुगर्स’ची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची वाटेल. आंध्रातील एक बंद पडलेला साखर कारखाना विकत घेऊन तो बेळगाव जिल्ह्यात उभारण्याची कल्पना, ऊस पिकवणाऱ्यांना भागधारक करून घेण्याची युक्ती आणि या साऱ्यात बरोबरीने उभी असलेली आई, विद्या मुरकुंबी. साखर कारखाना म्हटला की आपल्याला सहकार आणि राजकारण आठवते. इथे तिसरीच वाट दिसते.

परंतु पुस्तक जिथे थांबले तिथे ही आयुष्ये थांबली नाहीत. ‘सुभिक्षा’ ही आर. सुब्रह्मण्यम यांची स्वस्त किराणा व औषधांच्या दुकानांची साखळी पुस्तकात यशाचे उदाहरण म्हणून येते. पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर वर्षभरातच, २००९ मध्ये, तिची सुमारे सोळाशे दुकाने बंद पडली आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले. पुढे २०२३ मध्ये ठेवीदारांच्या फसवणुकीच्या एका खटल्यात चेन्नईच्या विशेष न्यायालयाने सुब्रह्मण्यम यांना कारावासाची शिक्षा सुनावली. शाळाशाळांत संगणकीय फळे नेणारी शंतनू प्रकाश यांची ‘एज्युकॉम्प’ २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ‘रेणुका’ने २०१० मध्ये ब्राझीलमधील कारखाने घेतले, कर्जाचा बोजा वाढला आणि २०१८ मध्ये कंपनीची सूत्रे सिंगापूरच्या ‘विल्मार’कडे गेली. उलट ‘नोकरी’ टिकली, वाढली.

यात लेखिकेला भविष्य दिसायला हवे होते, असे आम्ही म्हणत नाही. व्यवसायातले अपयश हा गुन्हाही नव्हे. कर्जात बुडणे आणि ठेवीदाराला बुडवणे यांत महदंतर आहे. आमचा आक्षेप पद्धतीवर आहे. यशस्वी ठरलेल्यांनाच बोलावून यशाची कारणे विचारली, की प्रत्येक हट्ट दूरदृष्टी ठरतो आणि प्रत्येक जोखीम शहाणपण. त्याच हट्टाने त्याच वर्षी बाहेर पडून बुडालेला वर्गमित्र या पानांत नाही. हे पुस्तक संस्थेच्याच उद्योजकता केंद्राने प्रसिद्ध केले, हेही विसरून चालणार नाही. घरचा गौरवग्रंथ घरच्या चुका कशाला मोजील?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. प्रत्येक प्रकरणाला नायक एकच. त्याच्या पदरी राबणाऱ्या माणसांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. आपल्या देशातील व्यवस्थापन-शिक्षणाचा आरंभ मात्र केवळ नफ्याच्या विचाराने झालेला नाही. जमशेदपूरची झेवियर संस्था १९४९ मध्ये येशूसंघीयांनी सुरू केली ती मालक आणि कामगार यांचे संबंध अभ्यासण्यासाठी. अहमदाबादची संस्था १९६१ मध्ये विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभी राहिली, तेव्हाही शेतीसारखी क्षेत्रे तिच्या विचारात होती. त्या जुन्या हेतूची आठवण पुस्तकाचा अखेरचा भाग काही अंशी करून देतो. ग्रामीण गरिबांना पतपुरवठा करू पाहणारे ‘बेसिक्स’चे विजय महाजन आणि देणगीदार व सेवासंस्था यांना जोडणारे ‘गिव्ह इंडिया’चे व्यंकट कृष्णन ही माणसे तेच शिक्षण निराळ्या कामाला लावतात. महाजनांच्या क्षेत्रालाही २०१० मध्ये आंध्र प्रदेशातील सूक्ष्मकर्जांच्या पेचप्रसंगात कठोर परीक्षेला तोंड द्यावे लागले. सद्हेतूलाही हिशेब चुकत नाही, हा धडा आमच्या मते उद्योगाच्या पंचवीस यशोगाथांहून मोलाचा आहे.

मग हे पुस्तक तरुणांच्या हाती द्यावे का? अवश्य द्यावे. सुरक्षिततेपलीकडे पाहण्याची उमेद ते देते, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांत या उमेदीचा तुटवडाच असतो. पण देताना एवढे सांगावे, की प्रत्येक प्रकरण संपल्यावर दोन प्रश्न स्वतःला विचार: या माणसाने जोखीम पत्करली तेव्हा तिची किंमत आणखी कोणी मोजली? आणि तो बुडाला असता, तर त्याच्याबरोबर कोण बुडाले असते? पदवीधराच्या आयुष्याचे मूल्यमापन करायचे झाले, तर पगाराच्या आणि भागभांडवलाच्या आकड्यांच्या आधी या दोन उत्तरांपासून सुरुवात करावी लागेल. लेखिकेने याच पंचवीस जणांना आज पुन्हा भेटून दुसरा भाग लिहावा, अशी आमची इच्छा आहे. तो पहिल्याइतका खपणार नाही कदाचित; पण तो अधिक काळ वाचला जाईल.